लेकरानं सांगितलं, आता पुढं काय?

सुरतच्या पांडेसरा जीआयडीसीतल्या डाइंग मिलची पाळी बारा तासांची. रात्रपाळी करून आलेला बाप दिवसा झोपतो, आई साडीचे धागे कापायचं काम घरी आणते किंवा कारखान्यात जाते, आणि लेकरं शेजाऱ्यांच्या भरवशावर असतात. खान्देश, ओडिशा, उत्तर प्रदेश, बिहार, सगळीकडची माणसं एकाच गल्लीत राहतात. खोली दहा बाय दहाची, संडास चार घरांत एक.

२०२१ च्या दिवाळीत याच पांडेसऱ्यातून अडीच वर्षांच्या मुलीला उचलून नेऊन, अत्याचार करून मारलं गेलं. पोलिसांनी आठवड्याभरात आरोपपत्र ठेवलं आणि ७ डिसेंबर २०२१ ला सुरतच्या विशेष न्यायालयानं आरोपीला फाशीची शिक्षा सुनावली. अशी बातमी आली की वस्ती अनोळखी माणसाला घाबरायला लागते. पण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे वर्षानुवर्षे एकच सांगतात: मुलांवरच्या बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून जास्त गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा असतो. घरमालक, शेजारी, आतेभाऊ, शिकवणीचा सर, कधी सख्खा काका. म्हणून बहुतेक वेळा ही गोष्ट पोलिसांच्या आधी घरात कळते. मोठ्या बायकांचंही तसंच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी जेमतेम १४ टक्क्यांनी कुणाकडे तरी मदत मागितली होती, आणि ज्यांनी मागितली त्यांतल्या बहुतेकींनी ती आपल्याच माणसांकडे मागितली. पोलीस आणि वकील फार पुढचे. सगळ्या हेल्पलाइनींच्या आधी बापाची आणि आईची पाळी येते. ती कशी निभवायची, त्यातला बापाच्या वाट्याचा भाग इथे सांगतो.

पहिला तास ऐकण्याचा. लेकरू जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत ऐकायचं. ‘मग तू ओरडली का नाहीस’, ‘आधी का नाही सांगितलंस’ हे प्रश्न तोंडावर येतात, ते गिळायचे. ‘आणखी काही सांगायचंय का?’ एवढं पुरे. मग आईला सांग, मावशीला सांग, शेजारच्या काकूला सांग, अशी वरात काढायची नाही. लेकरू तीच गोष्ट दहादा सांगायला लागलं की शब्द बदलत जातात, आणि पुढे बचावाचा वकील नेमकं तिथेच बोट ठेवतो. बाहेर येऊन एका कागदावर तारीख, वेळ आणि लेकरानं वापरलेले शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा. शरीराच्या अवयवाला ते घरी जो शब्द वापरतं, तोच लिहा.

दुसरी गोष्ट अवघड आहे. काठी घेऊन त्या माणसाच्या खोलीवर जायचं नाही. मन मानत नाही, मला ठाऊक आहे. पण त्याला मारलं की दुसरा गुन्हा तुमच्यावर दाखल होतो. तुम्ही लॉकअपमध्ये आणि लेकराची आई एकटी ठाण्याच्या बाकावर, असं होतं. वर तो सावध होतो, फोन पुसतो, गावाकडची गाडी पकडतो.

कपड्यांचं एक. अंगावरचे कपडे धुवायचे नाहीत. बदलले असतील तर प्रत्येक कपडा वेगळ्या कागदात, म्हणजे वर्तमानपत्रात किंवा कागदी पिशवीत गुंडाळा. प्लास्टिकमध्ये ओला कपडा कुजतो, बुरशी धरतो आणि तपासणीत काही हाती लागत नाही. अंघोळ झाली असेल, चार दिवस गेले असतील, तरी दवाखान्यात जायचंच. उशीर झाला म्हणून केस संपत नाही. मुलांच्या बाबतीत तर आठवड्यांनी, महिन्यांनी कळणं हेच नेहमीचं आहे.

आधी दवाखाना की आधी पोलीस? कुठूनही सुरुवात करता येते. इजा असेल, रक्त असेल तर आधी दवाखाना. पांडेसऱ्याहून मजुरा गेटचं न्यू सिव्हिल किंवा महानगरपालिकेचं स्मीमेर, दोन्हीकडे जाता येतं. पण कायद्यानं हे बंधन खासगी रुग्णालयावरही आहे: बलात्कार आणि पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, यांच्या पीडितेवर तातडीचा उपचार फुकट करायचा. नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९७ हेच सांगतं. ‘आधी एफआयआर आणा’ असं डॉक्टरला म्हणता येत नाही. पॉक्सोच्या २०२० च्या नियमांत उपचाराआधी कुठलाही कागद मागायला मनाई आहे.

आत काय होतं ते माहीत असलं की भीती कमी होते. मुलगी असेल तर तपासणी बाई डॉक्टरच करते. आई किंवा बाप किंवा लेकराचा जिच्यावर विश्वास आहे अशी व्यक्ती सोबत असते. असं कुणी नसेल तर रुग्णालयाच्या प्रमुखानं नेमलेली बाई असते. बारा वर्षांखालच्या मुलासाठी पालकांची संमती घेतात, त्यावरच्या मुलाला स्वतःलाही विचारतात आणि त्यानं नाही म्हटलं तर जबरदस्ती करता येत नाही. तपासणी नाकारली तरी उपचार नाकारता येत नाहीत. एचआयव्हीपासून बचावाच्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात, गर्भ राहू नये म्हणून द्यायची गोळीही जितकी लवकर तितकी बरी. या दोन गोष्टी डॉक्टर गडबडीत विसरले तर बापानं विचारायच्या. ‘टू फिंगर टेस्ट’ नावाची तपासणी सुप्रीम कोर्टानं ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा एकदा निक्षून बंद केली आहे. कुणी करायला निघालंच तर तिथेच थांबवा.

आता ठाणं. खरं तर पॉक्सोत लेकराला ठाण्यात नेण्याची गरजच नाही. त्याचा जबाब घरी, किंवा ते म्हणेल त्या ठिकाणी घ्यायचा असतो. शक्यतो उपनिरीक्षक दर्जाच्या बाई अधिकाऱ्यानं, आणि वर्दी न घालता. दारात खाकी दिसली की चाळ गोळा होते, म्हणून ही तरतूद साधी वाटली तरी मोलाची आहे. साध्या कपड्यातल्या बाई बहीण म्हणून येतात, तासभर बसतात, जातात. फोन करताना तसं सांगा, ‘वर्दीत नको’. रात्री लेकराला ठाण्यात ठेवता येत नाही आणि आरोपीला त्याच्या समोर आणता येत नाही.

११२ वर फोन केला की गाडी येते. गुजरातमध्ये महिलांसाठी १८१ ‘अभयम’ आहे, ८ मार्च २०१५ पासून राज्यभर चालू. तिच्या व्हॅनमध्ये समुपदेशक आणि महिला पोलीस दोघी असतात. लहान मुलांसाठी १०९८. यांतल्या कुठल्याही नंबरवर बापही बोलू शकतो, शेजारीही. चांगल्या हेतूनं माहिती देणाऱ्यावर पॉक्सोत काही जबाबदारी येत नाही. उलट माहीत असून कळवलं नाही तर कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. हे शाळेच्या मुख्याध्यापकाला लागू आहे आणि घरच्यांनाही.

आपल्या लोकांची खरी अडचण भाषेची. फिर्याद गुजरातीत लिहितात. बोलता सगळ्यांना येतं, पण धुळ्या-नंदुरबारकडून आलेल्या पहिल्या पिढीला ती लिपी धड वाचता येत नाही, आणि सही मात्र करून टाकतात. सही करायच्या आधी पूर्ण वाचून दाखवायला सांगा, ओळ ओळ. मुलाला कळेल अशा सोप्या भाषेत नोंद व्हावी आणि भाषा कळत नसेल तर दुभाषा द्यावा, हे कायद्यातच लिहिलंय. सुरतमध्ये महानगरपालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा आहेत. तिथल्या ओळखीच्या बाई दुभाषा म्हणून चालतील का, हे विचारायला हरकत नाही. एफआयआरची प्रत फुकट मिळते. ती घेतल्याशिवाय उठायचं नाही.

हद्दीचा वाद घालतील. ‘ही जागा उधन्यात येते, ती भेस्तानमध्ये.’ १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या संहितेत कुठल्याही ठाण्यात ‘झीरो’ एफआयआर नोंदवता येतो, मग तो योग्य ठाण्याकडे जातो. घटना सुट्टीत गावी घडली आणि तुम्हाला सुरतला आल्यावर कळली, तरी पांडेसऱ्यात नोंद होते. घ्यायलाच नकार दिला तर लेखी तक्रार पोलीस उपायुक्तांकडे पाठवा, तिथे नाही तर मॅजिस्ट्रेटकडे. अशा गुन्ह्याची नोंद न करणाऱ्या सरकारी नोकराला सहा महिने ते दोन वर्षं कैद आहे; भारतीय न्याय संहितेच्या कलम १९९ चा नुसता उल्लेख केला तरी टेबलापलीकडचा सूर बदलतो.

आणि एक सावधगिरी, हल्ली फार लागते. एफआयआरचा फोटो समाजाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचा नाही. ‘सगळ्यांना कळू दे’ म्हणून रागानं टाकतात. त्यात लेकराचं नाव, पत्ता, शाळा, बापाचं नाव सगळं असतं आणि पीडितेची ओळख उघड करणं हा वेगळा गुन्हा आहे. बाप म्हणून त्यातून सूट नाही.

नोंद झाल्यापासून चोवीस तासांच्या आत पोलिसांनी बालकल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचं असतं. समितीचं नाव ऐकून ‘पोरगी उचलून नेतील’ अशी धास्ती वस्तीत असते. आरोपी त्याच घरात राहत असेल किंवा लेकराला घरात कुणाचा आधार नसेल तरच त्याला समितीपुढे नेतात, आणि बाहेर ठेवायचं की नाही हे तीन दिवसांत ठरवावं लागतं. बाकी वेळी लेकरू घरीच. उलट समितीकडून मागून घ्यायची एक गोष्ट आहे: सपोर्ट पर्सन. खटला संपेपर्यंत सोबत राहणारं माणूस. तारीख कळवणं, दवाखान्यात नेणं, कोर्टात काय होणार ते लेकराला आधी समजावणं, शाळेशी बोलणं. बाराबारा तास मिलमध्ये असलेल्या बापाला हे जमण्यासारखं नाही, म्हणून हे माणूस सोन्याचं. सुप्रीम कोर्टानं २०२३ मध्ये बजावलंय की हा हक्क आहे हे पालकांना सांगितलंच पाहिजे. कुणी सांगितलं नसेल तर आपण विचारायचं.

पैशाचंही विचारायचं, त्यात लाज नाही. अन्न, कपडे, जाण्यायेण्याचा खर्च यासाठी समिती तातडीची मदत द्यायला सांगू शकते. भरपाई वेगळी: राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या २०१८ च्या योजनेत बलात्कारासाठी ४ ते ७ लाख आणि अल्पवयीन असेल तर ही मर्यादा दीडपट. अंतरिम भरपाई खटला चालू असतानाच मागता येते, आरोपी सापडला नाही तरी. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण फुकट वकीलही देतं. त्यांचा नंबर १५१००.

इथपर्यंत कायदा बापाच्या बाजूनं चालतो. मग येते बैठक. आरोपीकडचे चार लोक, समाजाचा एखादा पुढारी, कधी घरमालक. ‘पोरीची जात आहे, बोभाटा होईल, उद्या सोयरीक कोण करील? दोन लाख घे आणि गावाला जा.’ राजस्थानात नेमकं असंच झालं होतं. शिक्षकावर गुन्हा नोंदला, मग मुलीच्या बापाकडून स्टॅम्पपेपरवर गैरसमज झाला असं लिहून घेतलं आणि हायकोर्टानं खटला रद्द केला. खटल्याशी थेट संबंध नसलेल्या दोन माणसांनी सुप्रीम कोर्ट गाठलं. रामजीलाल बैरवा खटल्यात ७ नोव्हेंबर २०२४ ला निकाल आला: असे गुन्हे तडजोडीनं मिटत नाहीत, खटला पुन्हा चालवा. तेव्हा बैठकीत एवढंच सांगायचं, ‘माझ्या सहीनं हे मिटतच नाही, मग कागद कशाला?’ सहीही करायची नाही आणि पैसेही घ्यायचे नाहीत.

एक कडू गोष्ट याच ओघात. सगळे बाप लेकराच्या बाजूनंच ठाण्यात जातात असं नाही. एनफोल्ड या संस्थेनं आसाम, महाराष्ट्र आणि पश्चिम बंगालमधले पॉक्सोचे ७,०६४ निकाल तपासले. त्यांतले १,७१५ म्हणजे जवळपास पाव हिस्सा प्रेमप्रकरणांचे निघाले, आणि त्यांत फिर्यादी बहुतेक वेळा घरचेच. सतरा वर्षांची पोरगी दुसऱ्या जातीच्या पोराबरोबर गेली म्हणून पॉक्सो लावणं कायद्यात बसतं, कारण अठराखाली संमती धरत नाहीत. पण त्यानं पोरगीही तुटते आणि खऱ्या केसेसची तारीखही लांबते. आणि अत्याचार पोरावर झाला असेल तर? पॉक्सो मुलगा-मुलगी असा फरक करत नाही. मुलग्यांच्या बाबतीत बाप ‘मर्दासारखा राहा’ म्हणून विषय मिटवतात, आणि ते फार वाईट करतात.

आता लग्न झालेल्या लेकीकडे वळू, कारण पांडेसऱ्यातल्या खान्देशी घरांत हीच गोष्ट जास्त वेळा येते. पोरगी दिली अमळनेरला किंवा शिरपूरला; फोन येतो, ‘दादा, मला घेऊन जा.’ आणि बाप म्हणतो, थोडं सोस, पोरगी नांदली पाहिजे. उधन्याहून जळगावची गाडी रोज आहे, तरी त्या गाडीनं पोरीला परत नेऊन सोडणारे बाप मी जास्त पाहिलेत.

तिला घेऊन आलात तर केस कुठे करायची? सगळ्यांना वाटतं सासरच्या गावीच. तसं नाही. २००६ च्या ऑक्टोबरपासून लागू असलेल्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं कलम २७ सांगतं, बाई कायमची किंवा तात्पुरती जिथे राहते तिथल्या मॅजिस्ट्रेटकडे अर्ज चालतो. म्हणजे सुरतमध्येच. सासरच्या छळाच्या फौजदारी गुन्ह्याबाबतही सुप्रीम कोर्टानं रूपाली देवी खटल्यात, एप्रिल २०१९ मध्ये, माहेरी आसरा घेतलेल्या जागी तक्रार करायला मोकळीक दिली. दर तारखेला महाराष्ट्रात जाऊन रोज बुडवायची गरज नाही.

अर्ज तिनंच करावा असंही नाही. तिच्या वतीनं दुसऱ्या कुणालाही, म्हणजे बापालाही करता येतो. पण तिला विचारून. सोपा रस्ता संरक्षण अधिकाऱ्याचा. गुजरातमध्ये हुंडाप्रतिबंधक अधिकारीच हे काम बघतात. १८१ ला विचारलं की पत्ता मिळतो. ते घरगुती घटनेचा अहवाल भरतात. तो फॉर्म एकदा बघण्यासारखा आहे. मारहाण आणि लैंगिक जबरदस्ती असतेच, पण खाली चौकटींची लांब यादी आहे: चारित्र्यावर संशय घेणं, मुलगा झाला नाही म्हणून टोमणे, घराबाहेर पडू न देणं, नोकरी करू न देणं, खर्चाला पैसे न देणं, औषध न आणणं, स्त्रीधन विकणं. पोरगी म्हणते ‘तसं काही मारत नाहीत’, आणि मग एकेक चौकट वाचून दाखवली की निम्म्यांवर खूण होते. तारखा, दवाखान्याचे कागद, फोनमधले मेसेज सोबत जोडायचे.

अर्ज दिल्यावर पहिली तारीख साधारण तीन दिवसांत पडायला हवी आणि साठ दिवसांत निकाल व्हावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात; म्हणून अर्जातच अंतरिम हुकूम मागून ठेवायचा: मारू नये, खर्च द्यावा, लेकरं आईकडे द्यावीत, स्त्रीधन परत करावं. हुकूम मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सासऱ्याच्या नावावरचं घर असलं म्हणून ‘तुझा इथे काही हक्क नाही’ असं आता म्हणता येत नाही. सतीशचंद्र आहुजा निकालानं, ऑक्टोबर २०२० मध्ये, तोही प्रश्न मोकळा केलाय. ती सासरीच राहून लढायची म्हणाली तरी बापानं साथ द्यावी. महाराष्ट्रात पोलिसांच्या आवारात चालणारे ‘महिला व मुलांसाठीचे विशेष कक्ष’ तिथे कामी येतात. टाटा समाजविज्ञान संस्थेनं १९८४ मध्ये मुंबईतून ते सुरू केले.

राहता राहिला बाप स्वतः. लेकराच्या अशा प्रकरणानंतर बापाची झोप जाते, दारू वाढते, लुमावर लक्ष लागत नाही. त्यासाठी टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून. चोवीस तास चालते. सुनेला, मुलाला घाबरून राहणारा म्हातारा बाप असेल तर ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७, आणि २००७ च्या कायद्याखाली न्यायाधिकरणाकडे साधा अर्ज.

आणि ज्या घरात हात बापाचाच उठतो? १९९१ मध्ये पत्रकार सी. वाय. गोपीनाथ यांनी वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती: बायको मारण्यासाठी नसते, असं मानणारे पुरुष पाहिजेत. २०५ जणांनी उत्तर पाठवलं. त्यातून १९९३ मध्ये मुंबईत ‘मावा’ म्हणजे मेन अगेन्स्ट व्हायोलन्स अँड अब्यूज ही संघटना उभी राहिली. हरीश सदानी यांनी ती आजवर चालवली, ‘पुरुष स्पंदनं’ हा मराठी वार्षिक अंकही त्यांचाच. पांडेसऱ्यात अशी शाखा असती तर रविवारी मिल बंद असताना बसायला माणसं मिळाली असती, असं मला वाटतं. तोवर कौटुंबिक हिंसाचार कायद्यातच मॅजिस्ट्रेट नवऱ्याला समुपदेशनाला जायला सांगू शकतो. पण त्या हुकमाची वाट बघायची गरज नाही; न्यू सिव्हिलच्या मानसोपचार विभागात केसपेपर कुणालाही काढता येतो, आणि ओपीडी सकाळची असल्यानं रात्रपाळी सुटल्यावर थेट तिकडे जाता येतं.